चारही चाकांना डिस्क

धोंड्याच्या महिन्यात जावई गाडीत बसून आला आणि मित्राच्या मोटरसायकलवर बसून परत गेला. गाडी आणि बायको, दोन्ही सासऱ्याच्या दारात ठेवून गेला. पुरणाचे धोंडे खाऊन झाले होते, तेहतीस अनारशांचा डबा आणि शर्ट-पँटीचं कापड पिशवीत गेलं होतं, आणि हातावर पाणी घेता घेता चंद्रशेखरनं ती गोष्ट काढली.

“मामा, गाडीचं मागचं डावं चाक धरून राह्यलं. येता येता लई वास आला. बाबा म्हणे, सासऱ्याचं गॅरेज असल्यावर बाहेर कायले दाखवा? तुमी करून ठेवा. झाली की फोन करा. मंग गाडी अन् मंजू संगच आणून सोडा.”

“हाव ना, हाव ना,” म्हणून सासरे, माणिकराव, मोकळे झाले. त्यांना यात वावगं काहीच दिसलं नाही. चाक धरलं की सोडवायचं, हा तर त्यांचा तीस वर्षांचा धंदा. दुसरबीडला मेन रोडवर टिनाच्या शेडखाली त्यांचं गॅरेज, मागे दोन खोल्यांचं घर. जीप, टेम्पो, मालाच्या गाड्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. इंजिन नुसतं चालू केलं तरी डोळे मिटून दुखणं सांगायचे. माणसं काय बोलतात, ते मात्र त्यांना दोनदा सांगावं लागे, आणि दुसऱ्यांदाही ते आपल्याला हवं तेच ऐकत.

त्यांनी ‘संगच’ हा शब्द ऐकला आणि तोच धरून ठेवला.

जयमालाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, वेगळंच पाहिलं. जावई गेल्यावर त्यांनी मंजूच्या दोन बॅगा आत ओढल्या, एक उघडली आणि आतले कपडे चाळले. मग शेडमध्ये येऊन हळूच म्हणाल्या, “आवं, पोरीनं स्वेटर आणलं संगं.”

“मंग?”

“जेठ महिना चालू हाये. पंख्याखाली झोप येत नाई. स्वेटर कायले लागते?”

“राह्यलं असन बॅगेत,” माणिकराव म्हणाले आणि जॅक शोधायला लागले.

ही गाडी म्हणजे मंजूच्या लग्नातली. चंद्रशेखरचे वडील शंकरराव मेहकरचे, रस्त्याला लागून जमीन, नवा स्लॅबचा बंगला. मागणं असं त्यांनी काही केलं नव्हतं. नुसतं म्हणाले होते, “तुमचा धंदाच गाड्यांचा, तुमी काय ते पाहून घ्या.” हे वाक्य किती महाग पडतं ते मुलीच्या बापालाच ठाऊक. माणिकरावांनी जालन्याच्या एका साहेबाची सहा वर्षं वापरलेली पांढरी गाडी काढली, दोन महिने तिच्यावर राबले, आणि नव्यासारखी करून दाखवायला नेली तेव्हा चंद्रशेखरनं आधी खाली वाकून मागची चाकं पाहिली. मागे पण डिस्क ब्रेक आहे ना? साध्या मॉडेलला मागे ड्रम असतो. त्याच्या मित्राच्या गाडीला ड्रम होता. डिस्क दिसल्यावर त्याचा चेहरा खुलला. मांडवात शंकरराव प्रत्येक पाहुण्याला हात धरून गाडीपाशी नेत होते, “चारही चाकाले डिस्क हाये बरं का!” नवरी कुणी इतक्या कौतुकानं दाखवली नाही. माणिकरावांना मात्र त्या दिवशी त्याचाही अभिमानच वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं. त्यांची एक जुनी सवय होती. ऑइल बदललं की बॉनेटच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करनं तारीख आणि मीटरचा आकडा लिहायचा. दिवाळीला मंजू आणि चंद्रशेखर आले होते तेव्हा ऑइल बदललं होतं. तो आकडा तिथं होता. त्यांनी आत डोकावून मीटर पाहिलं. परत येऊन आकडा पाहिला. मग बोटांवर वजाबाकी केली.

दुसरबीडहून मेहकर, आणि मेहकरहून दुसरबीड. बस, तेवढंच. दिवाळीला गाडी परत गेली आणि आता आली, मधल्या सात महिन्यांत ती फाटकाबाहेर पडली नव्हती.

आणि संक्रांतीला चंद्रशेखरनं फोनवर सांगितलं होतं, “मंजूले गाडीनं लोणारले फिरवून आणलं.” होळीला शंकरराव म्हणाले होते, “तुमची पोरगी मजेत हाये पाहुणे, गाडीशिवाय पाय ठेवत नाई खाली.”

माणिकराव बराच वेळ बॉनेटखाली वाकून उभे राहिले. कुणी रस्त्यावरून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, मिस्त्री काहीतरी ऐकतोय. मग त्यांनी चिंधीवर थिनर घेतलं आणि तो आकडा पुसून टाकला. जयमाला अधूनमधून चहा घेऊन यायची, तिला आकडे वाचता येत होते.

चाक काढल्यावर बाकीचं कळलं. डिस्कवर पॅड दाबणारा जो लोखंडी जबडा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. त्याच्या दोन्ही पिना गंजून आत अडकल्या होत्या, रबर फाटलं होतं, पिस्टन पाणी पिऊन खरबरीत झाला होता. हँडब्रेक ओढून गाडी महिनोन् महिने उभी आणि वरून रोज पाणी.

“गाडी रोज धुत होते का वं?” त्यांनी मंजूला विचारलं. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

“रोज. तिकडच्या आई धुत होत्या. पाइपानं. मंग कुंकू लावत होत्या बोनेटले.”

“अन् चालवत नव्हते?”

मंजूनं मेथीकडे पाहतच म्हटलं, “जास्त नाई.”

खरं म्हणजे हेच विचारायची वेळ होती. पण माणिकरावांना घाई झाली होती. अधिक महिना संपायला सोळा दिवस होते. धोंड्याला आलेली लेक महिना सरल्यावरही माहेरी दिसली की लोक आधी नजरेनं विचारतात, मग तोंडानं. महिना सरायच्या आत गाडी उभी करायची आणि पोरीला तिच्या घरी पोचवायची, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. गाडी बिघडली म्हणूनच जावई चिडला असणार. एवढी हौसेची वस्तू, दोन वर्षांत चाक धरलं, माणसाचं मन खट्टू होणारच. गाडी सुधारली की सगळं सुधारेल. असा हिशेब एखादा खुळाच करतो, नाहीतर मुलीचा बाप.

त्या घाईनंच घात केला. पिस्टन मागे सारायला त्यांनी नेहमीचा शिकंजा लावला आणि आवळला. पुढच्या चाकाचा असाच जातो. हा जाईना. त्यांनी शिकंज्याच्या दांडीत पाइप घातला आणि सगळं वजन टाकलं. आतून ‘कट’ असा बारीक आवाज आला. माणिकरावांचा हात तिथंच थांबला.

मागच्या कॅलिपरच्या पोटात हँडब्रेकचा स्क्रू असतो. तो पिस्टन दाबायचा नसतो, फिरवत फिरवत आत बसवायचा असतो. ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती असं नाही. दहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरच्या गाडीचं काम त्यांनी असंच फिरवून केलं होतं. पण त्या दिवशी आठवलं नाही. ते स्टुलावर बसले आणि स्वतःलाच म्हणाले, “बे माणक्या, काय करून बसला तू हे.”

मग चकरा सुरू झाल्या. जालन्याला तीनदा गेले. एक दुकानदार म्हणाला, हे मॉडेल बंद झालं. दुसऱ्यानं उजव्या बाजूचा दिला, तो घेऊन घरापर्यंत आले तेव्हा लक्षात आलं. शेवटी भंगारातल्या एका ठोकलेल्या गाडीचा डावा कॅलिपर मिळाला, तो त्यांनी दोन दिवस डिझेलमध्ये भिजवून, घासून, नवीन रबरं घालून जिवंत केला. टिनाच्या शेडखाली दुपारी पाना हातात धरवत नसे. तरी हे जेवायला उठत नसत.

रोज संध्याकाळी ते जावयाला फोन लावत. चंद्रशेखर विचारी, “झाली का गाडी?” हे म्हणत, “होऊन राह्यली.” मग म्हणत, “मंजूले देऊ का फोन?” तो म्हणे, “जरा गडबडीत हावो मामा, मंग करतो.” मंजू तिथंच भाकरी थापत असायची. एकदाही तिनं मान वर केली नाही. जयमालाबाई चुलीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसायच्या आणि धूर झाला म्हणायच्या. चूल गॅसची होती.

महिना संपायला दोन दिवस असताना कॅलिपर बसला. राहिली होती फक्त ब्रेकच्या नळीतली हवा काढायची. हे एकट्याचं काम नाही. एकानं आत बसून पायानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकापाशी बसून बारीकसा नट सोडायचा. हवा आणि ऑइल बाहेर आलं की नट आवळायचा, मग आतल्यानं पाय सोडायचा. पुन्हा पुन्हा. मंजू लहानपणापासून हे काम करत आलेली. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हता तेव्हा सीटच्या कडेवर बसून करायची.

“ये वं मंजू, बस.”

ती बसली. माणिकराव मागच्या चाकाशी उकिडवे बसले. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती.

“दाब. दाब. दाब. धर.”

“धरला.”

नट सुटला, फस्स करून बुडबुडे आले. नट आवळला. “सोड. दाब. दाब. धर.”

“धरला.” आणि मग तिकडून तिचा आवाज आला, “बाबा, गाडी लोणारले गेलीच नव्हती.”

माणिकरावांचा पाना नटावर होता. “सोड,” ते म्हणाले. “दाब. दाब. धर.”

“धरला. दिवाळीहून आल्यावर त्याहीनं मले वरच्या खोलीत ठेवलं. जेवाले खाली या म्हणत, जेवलं की वर. कोनी मारलं नाई मले. कोनी बोललंच नाई.”

“सोड. दाब.”

“त्याहीले मी आवडली नव्हती बाबा. पाहाले आले तवाच नव्हती आवडली. गाडी आवडली होती.”

“धर,” माणिकराव म्हणाले.

“धरला हाये. तुमी नटच नाई सोडला.”

त्यांनी नट सोडला. ऑइल स्वच्छ यायला लागलं होतं, एकही बुडबुडा नव्हता. तरी त्यांनी आणखी चारदा करायला लावलं, कारण उठून पुढे गेलं तर तिचं तोंड पाहावं लागणार होतं. मनात काय काय येऊन गेलं. जावयाची गचांडी धरावी. शंकररावाला बाजारात उभं करून विचारावं. आणि सगळ्यांत खाली, स्वतःची लाज. आपण ती चाकं विकत घेतली आणि पोरगी वर दिली, ही गोष्ट त्यांना आज कळली, उकिडवं बसून, हाताला ब्रेक ऑइल लागलेलं असताना.

पण उठले तेव्हा त्यांनी चाक बसवून हातानं फिरवून पाहिलं, जॅक काढला, आणि म्हणाले, “मोकळं झालं. उद्या सकाळी निघू.”

“बाबा?”

“चंद्रशेखरले फोन केला मी दुपारी. गाडी झाली म्हून सांगून बसलो. संगच आणा म्हणे ना तो. पाहू. माणूस बदलते कधी कधी.”

जयमालाबाईंनी सकाळी ओटी भरली, डबा दिला, आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की माणिकराव आरशातून मागचा रस्ता पाहायला लागले.

सुलतानपूरच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि मागच्या चाकाच्या रिमला हात लावला. थंड. पुढे आणखी एकदा थांबले. थंड. धंद्यातल्या माणसाला अशा वेळी आनंद होतोच, त्याला इलाज नाही. खिडकीशी येऊन ते हसून म्हणाले, “हात ठेवून पाह्य, एकदम थंड हाये.”

मंजू हसली नाही. “बाबा, आपण इथूनच वापस जाऊ.”

“म्हंजे?”

“गाडी घेऊन. गाडी आपल्या दारात असली तं ते एक डाव तरी येतीन. गाडीसाठी का होईना. मंग चार मानसात बोलता येईन. गाडी देली की संपलं.”

एवढं शहाणं बोलणं त्या घरात दोन वर्षांत कुणी बोललं नसेल. माणिकरावांनाही ते पटलं. पटलेलं त्यांच्या तोंडावर दिसलं. ते आत येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. समोरून ट्रॅक्टर गेला, एसटी गेली. मग म्हणाले, “कामाले आलेली गाडी अडकवून ठेवली नाई मी आजवर कोनाची.” आणि गिअर टाकला.

बंगल्याचं फाटक उघडंच होतं. शंकरराव पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते. “या या पाहुणे,” म्हणाले. चहा आला. मंजू उतरून पायरीपाशी उभी राहिली; तिला कुणी ये म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. विहीणबाई दारात आल्या, गाडीकडे पाहिलं आणि “धुळीनं भरली,” म्हणून पाइप शोधायला गेल्या.

चंद्रशेखरनं किल्ली घेतली आणि एकटाच चक्कर मारून आला. खूश होता. वाकून त्यानं चाकाला हात लावला. “वा मामा! कंपनीवाल्याले जमलं नसतं.” मग डिकी उघडली. मंजूच्या दोन्ही बॅगा त्यानं काढल्या, एकेक करून, अगदी जपून, आणि फाटकाच्या बाहेर नेऊन ठेवल्या. रस्त्याच्या कडेला.

माणिकरावांच्या हातात चहाचा कप तसाच राहिला.

“काय हाये पाहुणे,” शंकरराव दुसरीकडे पाहत म्हणाले, “घराले कलर काढाचा हाये. सामान सगळं इकडचं तिकडं. मंजूले राहू द्या तिकडंच. आमी फोन करू.”

माणिकरावांनी रस्ताभर शब्द जुळवले होते. मीटरचा आकडा सांगायचा होता. लोणार विचारायचं होतं. वरची खोली विचारायची होती. तोंडातून निघालं, “बरं.”

त्यांनी कप खाली ठेवला. बाहेर येऊन एक बॅग उचलली. दुसरी मंजूनं उचलली. मेहकरच्या स्टँडची वाट दहा-पंधरा मिनिटांची होती. दोघं चार पावलं गेले असतील, तेवढ्यात मागून आवाज आला. कर्रर्र. चंद्रशेखरनं गाडी पोर्चमध्ये लावली होती आणि हँडब्रेक वर ओढला होता, पार शेवटपर्यंत.

माणिकराव थांबले. बॅग खाली ठेवली. वळले आणि तरातरा फाटकापाशी गेले, दोन्ही हातांनी गज धरले. शंकरराव खुर्चीतून उठले. विहीणबाईंच्या हातातला पाइप नुसताच वाहत राहिला. चंद्रशेखर गाडीतून अर्धा बाहेर आला होता, तसाच राहिला. आणि मंजू, जिनं काल सगळी आशा आपल्या तोंडानं पुसून टाकली होती, तिनंही आपली बॅग खाली ठेवली आणि बापाकडे पाहिलं. आता बोलतील. आता तरी बोलतील.

माणिकरावांचे ओठ हलले.

“जावाईबापू,” ते म्हणाले, “हँडब्रेक ओढून उभी नका करत जाऊ. गिअरात ठेवा. चाकाखाली दगड लावा. नाई तं पुन्हा धरीन.”

चंद्रशेखर “हाव हाव मामा,” म्हणाला, इकडेतिकडे पाहून त्यानं कुंडीजवळची एक वीट पायानं सरकवली आणि मागच्या चाकाखाली लावली. नीट लागली का, ते माणिकरावांनी गजांतून वाकून पाहिलं.

ते परत आले तेव्हा मंजूनं दोन्ही बॅगा उचलल्या होत्या. “चला,” ती म्हणाली, “साडेअकराची गाडी निघून जाईन.”